कडुवनाची नखं आणि तुझी झोप

अण्णा,

इस्पितळातल्या माणसानं तुझ्या तोंडावरची चादर बाजूला केली आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा शेजारच्या कनकम मामींनी मागून धरला. तिथल्या नर्सला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. ती मला बाकावर बसवून पाणी पाजत होती आणि मामी तिला तमिळमधे समजावत होत्या, "सख्खा भाऊ ना, सहन होत नाही."

खरं ते तुला सांगते. मला संताप आला होता. कपाळावर खोक, गालाला कालव्याचा चिखल, आणि चेहरा मात्र असा शांत, जणू कितीतरी दिवसांनी पोटभर झोपला आहेस. मला वाटलं, ऊठ. ऊठ आणि उलट्या हाताची दे, लहानपणापासून देत आलास तशी. तू उठला नाहीस.

तुला देवनागरी वाचता यायची नाही. मी शाळेत हिंदी शिकवते म्हणून मला ही अक्षरं येतात. आपल्या घरातली मराठी म्हणजे तंजावरची, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारी. तिच्यात आपण भांडलो पुष्कळ, लिहिलं कधीच नाही. हे मी तुला वाचून दाखवलं असतं तर दुसऱ्याच ओळीला तू म्हणाला असतास, "पुरे गे कमळे, असकं खोटं." 'सगळं' म्हणायच्या जागी तुझं ते 'असकं' आता या घरात कुणी म्हणत नाही.

हात उचलण्यात तू कुणाला हार गेला नाहीस. लहानपणी माझी वेणी धरून तू मला अंगणभर ओढायचास आणि मी तुझ्या दंडाला दात लावून लोंबकळायची. अम्मा दोघांनाही झाडूनं बडवायची. मोठं झाल्यावर माणसं सुधारतात म्हणे. तू फक्त मारायची माणसं बदललीस.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी माहेरी आले तेव्हा मनगटावरचा भाजल्याचा डाग तू बघितलास. काही विचारलं नाहीस. सकाळी उठून माझ्या सासरी, पापनाशमला गेलास आणि बसस्टँडवर, चहाच्या गाड्यासमोर, माझ्या नवऱ्याला कॉलरला धरून खाली पाडलंस. लोक सोडवायला आले तेव्हा त्याचा पुढचा दात तुझ्या मुठीत रुतला होता. संध्याकाळी तू परत आलास ते माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. हाताला रुमाल बांधलेला आणि रुमाल लाल. मी तुझ्यावर तुटून पडले. मला विचारलंस का? मला तिथं परत जायचं असतं तर? तू ट्रंक खाली ठेवलीस आणि म्हणालास, "जायचं तर जा. मी परत येऊन त्याचा दुसरा दात पाडतों." मी ओरडत राहिले, लक्ष्मी वहिनीनं ताट वाढलं, मी जेवले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा दाराकडे पाठ करून झोपले.

त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. तुझी आभार ऐकायची पद्धत नव्हती. तू लगेच म्हणाला असतास, "कॉफी आण."

वहिनी आजारात गेली, तुझ्या लेकीचं, रुक्माचं, लग्न नाही, नोकरी कोईम्बतूरला, आणि घरात राहिलो आपण दोघं. मी दिवसा शाळेत, तू रात्री ओरत्तनाडु रस्त्यावरच्या भातगिरणीत. सकाळी तू स्कूटरवरून यायचास, अंगावर कोंड्याची पिवळी धूळ. मी निघायची. दारात आपली गाठ पडायची आणि तेवढ्यात एक भांडण उरकायचं.

अशाच एका सकाळी तू शर्टाची बटणं लावून, पोट फुगवून आलास आणि ते पोट हलत होतं. शर्टात हा बोका. गिरणीच्या भुशाच्या ढिगावर चार कुत्र्यांनी त्याला घेरलं होतं. एक कान अर्धा गेलेला, पाठीची कातडी लोंबत होती. तू पोती उचलायचा लोखंडी आकडा घेऊन कुत्र्यांत उडी मारली होतीस. तुझ्या पोटरीचा कुत्र्यानं लचका तोडला, आणि ज्याला वाचवलंस त्यानं तुझी छाती नखांनी सोलून काढली. तुला सुया घ्याव्या लागल्या, त्याला टाके पडले. मी म्हटलं, "हे काय घरात आणलंस?" तू म्हणालास, "कडुवन." तमिळमधे बोक्याला कडुवन म्हणतात. याहून दुसरं नाव तू शोधलंच नाहीस.

मग सुरू झालं ते. तू आंघोळ करून, इडल्या खाऊन मागच्या खोलीत आडवा व्हायचास, आणि तासाभरात तो तुला उठवायचा. हनुवटीला चावायचा. पायाची बोटं धरायचा. छातीवर बसून असा ओरडायचा की भिंतीपलीकडे कनकम मामींच्या पोळपाटावरची पोळी फाटायची. मी शाळेतून यायची तर तू ओसरीवर, डोळे लाल, हातांवर नवे ओरखडे, आणि तो तुझ्या मांडीवर गाढ झोपलेला.

काय काय केलं आपण! त्याला बाहेर काढून दार लावलं. त्यानं खिडकीची जाळी फाडली. जाळी बदलली, तर कौलांवरून उतरून न्हाणीघराच्या झरोक्यातून आला. झोपायच्या आधी त्याला माशाची डोकी खाऊ घातली. त्यानं ती तुझ्या उशीवर ओकली. तू कानात कापूस घातलास, त्यानं कापूस ओढून काढला. तुझं वजन उतरलं. गिरणीत उभ्याउभ्या डुलक्या घ्यायला लागलास. मी म्हटलं, "एक दे ना त्याला. जगाला देतोस, त्याला दिलीस तर काय होईल?"

"त्याला मी हात लावणार नाही."

"का?"

"लावणार नाही म्हणजे नाही. चुम्मा बस, गप बस."

मामींच्या नवऱ्यानं कुंपणावरून एकदाच म्हटलं, "माशात औषध घालून ठेवतो, दोघांनाही झोप लागेल." तू कुंपण ओलांडलं नाहीस, कुंपण पाडलंस. त्यांची बनियन तुझ्या हातात आली. मामी मधे पडल्या म्हणून बरं. त्यानंतर बरेच दिवस त्या घरातून आपल्याशी कुणी बोललं नाही. फक्त कडुवन ओरडला की पलीकडून भांडी आपटायचा आवाज यायचा.

मग एके दिवशी मी तुला तोंडावर सांगितलं, आज याला मी ओरत्तनाडुच्या बाजारात सोडून येते. तू ऐकलंस आणि ऐकलं नाहीस, इतका झोपेनं मेलेला होतास. मी बोक्याला तांदळाच्या पोत्यात घातलं, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत फाडून घेतले, आणि बस पकडली. गावाबाहेर पोचलो नसू तोच मागून हॉर्न. लुंगीवर, उघड्या अंगानं तू स्कूटर दामटत होतास. बसच्या पुढे जाऊन आडवी घातलीस. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, कंडक्टरनं तुला ढकललं, त्याच्या कानाखाली तू जाळ काढलास, आणि आत येऊन माझ्या पायाशी उड्या मारणारं पोतं छातीशी धरलंस. सगळी बस बघत होती. मी लाजेनं मेले. खाली उतरून भर रस्त्यात मी तुला चपलेनं मारलं, अण्णा, आठवतंय? तू मार खात उभा राहिलास, दोन्ही हातांनी पोतं धरून. त्याला खाली ठेवावं लागेल म्हणून तू मला परत मारलं नाहीस.

घरी येईपर्यंत आपण हसत होतो. का, ते आजही सांगता येत नाही.

आता त्या दुपारबद्दल.

शाळेत पाणी नव्हतं म्हणून मुलांना लवकर सोडलं. मी घरी आले तेव्हा तू गाढ झोपला होतास. दार अर्धवट उघडं. कडुवन तुझ्या पायाशी वेटोळं करून झोपलेला, शहाण्यासारखा. मी दारातच थांबले, कारण तुम्हां दोघांना असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग तू गुरगुरलास. बोका नाही, तू. दात आवळून, कुणाशी तरी मारामारी चालल्यासारखा. तुझी मूठ वर आली आणि भिंतीवर आदळली. पाय झाडलास तो कडुवनाच्या बरगडीत बसला आणि तो खोलीच्या टोकाला, तांब्याच्या घंगाळावर जाऊन आपटला. तू थांबला नाहीस. हवेत ठोसे मारत होतास, डोकं लोखंडी खाटेच्या गजाकडे सरकत होतं. तो उठला. लंगडत आला. उडी मारून तुझ्या छातीवर चढला, तुझा हात त्याला बसला तरी उतरला नाही, आणि हनुवटीला कडकडून चावला. तू जागा झालास.

"बघ," तू मला म्हणालास, हनुवटीचं रक्त पुसत, "बघितलंस? कसा राक्षस आहे."

मी सांगितलं. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. भिंतीवरचा तुझ्या मुठीचा डाग दाखवला. तिथं एकच डाग नव्हता, हेही तेव्हाच दिसलं. "तो तुझी झोप मोडत नाही, अण्णा. तू झोपेत मारामारी करतोस. डॉक्टरकडे जाऊ या."

"खोटं बोलतेस."

"त्याची बरगडी चाचपून बघ."

तू बघितलीस. तो विव्हळला. तू असा मागे सरलास, जणू विस्तवाला हात लागला. "मी? मी त्याला मारलं?" मग तुझा चेहरा एकदम राखेसारखा झाला. भिंतीवरच्या डागांवर मूठ ठेवून बघितलीस. आणि विचारलंस, "मग लक्ष्मीला?"

वहिनीच्या दंडावर निळे डाग असायचे. दाराला लागलं, उखळाला लागलं, असं ती सांगायची. मी एकदा न्हाणीघरात तिची पाठ पाहिली होती आणि सरळ विचारलं होतं, कारण मला ते डाग ओळखता यायचे; माझ्या अंगावर होते तसे. ती हसली होती. म्हणाली, "नाही गे, कमळे. झोपेत हात लागतो त्यांचा. जागेपणी एकदाही नाही. जागेपणी तर पाण्याचा पेला मागायलाही घाबरतात मला." मी तिच्यावर विश्वास ठेवला होता, कारण खोटं बोलणाऱ्या बाईचं हसू कसं असतं ते मला माहीत होतं.

हे सगळं मी तुला सांगायला निघाले होते. "हो, पण..." एवढंच तोंडातून निघालं. 'हो' ऐकलंस आणि पुढचं ऐकायला थांबला नाहीस. कॉफीचा टंबळर माझ्या कानाजवळून गेला आणि दाराच्या चौकटीवर फुटल्यासारखा वाजला. खुर्ची मोडलीस. वहिनीच्या आरशावर मूठ मारलीस. काचा, रक्त, कडुवन कपाटावर, मी भिंतीला चिकटलेली आणि ओरडतेय, "ऐक, ऐक माझं!" तू रक्ताच्या हातानं स्कूटरची किल्ली घेतलीस आणि भर दुपारी गिरणीवर निघून गेलास.

त्यानंतर तू झोपलाच नाहीस. कामावरून यायचास आणि ओसरीवर पाठ ताठ करून बसायचास. डोळे मिटायला लागले की तोंडावर पाणी मारायचास. कडुवनाला आतल्या खोलीत ठेवायचास आणि कडी घालायचास, तो दार खरवडायचा, तू दाराबाहेरून त्याला सांगायचास, "येऊ नकोस बा, माझ्याजवळ येऊ नकोस." मी बोलायला आले की उठून रस्त्यावर जायचास. मी वहिनीचं नाव काढलं की कान झाकायचास, एवढा मोठा माणूस. मी तुझे हात कानांवरून ओढून काढायचा प्रयत्न केला. आपण खरोखर झोंबलो, अण्णा, ओसरीवर, लहानपणासारखे. तू मला ढकललंस, मी पायरीवरून पडले, आणि मला पडलेलं बघून तू घाबरून पळालास. ते आपलं शेवटचं.

सकाळी गिरणीतून येताना स्कूटर सरळ रस्त्यावरून सरळ कालव्याच्या कठड्यावर गेली. मागून येणारा भाजीवाला म्हणाला, ब्रेक लावलाच नाही, डोकं आधीच खाली होतं.

मी तुला खरं सांगितलं, त्याची माफी मागणार नाही. अर्धंच ऐकून गेलास, त्याची तुला माफी नाही. इस्पितळातल्या त्या दोन थोबाडीत त्यासाठी होत्या.

रुक्मा आली ती रडली नाही. तुझीच मुलगी. सगळे विधी तिनं दात आवळून बघितले. पण आलेल्या प्रत्येकानं तिला तेच सांगितलं: बोक्यानं झोपू दिलं नाही, बोक्यानं बाप खाल्ला. तेरावं झालं, माणसं गेली, आणि तिनं परसातली पहार उचलली.

कडुवन तुझ्या खाटेखाली होता. पहिला घाव फरशीवर पडला, फरशी तडकली. दुसरा खाटेच्या पायावर. मी तिच्या कमरेला मिठी मारली, तिनं मला झटकलं. काय ताकद होती त्या पोरीच्या अंगात! "सोड आत्ते! माझ्या अप्पांना मारलं त्यानं!" मी पहारीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी त्या पहारीला धरून खोलीभर ओढाओढ करत होतो, आणि ओढता ओढता मी तिला सगळं ओरडून सांगितलं. तुझी झोप. भिंतीवरचे डाग. तिची आई काय म्हणाली होती ते.

तिनं पहार सोडली. पण विश्वास ठेवला नाही. "तुला तो बोका हवाय म्हणून तू अप्पांवर घालतेस," एवढं बोलली, आणि दाराला आतून कडी न लावताच तुझ्याच खाटेवर पडली. किती दिवसांची जागी होती. पडल्यापडल्या झोप लागली.

मी दारात बसून राहिले. खाटेखालून आधी तो अर्धा कान दिसला, मग डोळे, मग तो हळूच वर चढला आणि तिच्या पायाशी बसला. मला वाटलं, याला हाकलावं. हलले नाही. आणि थोड्या वेळानं तुझी मुलगी गुरगुरली, अण्णा. दात आवळून. तिची मूठ वर आली आणि भिंतीवर आदळली, तुझ्या डागांच्या जरा खाली. ती झोपेत कुणालातरी मारत होती, जीव खाऊन मारत होती. कडुवन उठला. पहारीच्या भीतीनं अजून अंग थरथरत होतं त्याचं. तरी चढला छातीवर, आणि चावला.

किंचाळत उठून तिनं त्याची मानगूट धरली आणि हात वर केला, भिंतीवर आपटायला. तेव्हा तिला बोटांच्या सालटलेल्या पेरांवरचं रक्त दिसलं. मग भिंत दिसली. मग दारात मी.

"आत्ते," ती म्हणाली, "मी मारत होते?"

"हो."

"अप्पा असेच?"

"थेट असेच."

तिनं त्याला आपटलं नाही. मांडीवर घेतलं, त्याच्या केसांत तोंड खुपसलं, आणि मग रडली. त्यानं तिला ओरखडलं, मनगटापासून कोपरापर्यंत, तरी तिनं सोडलं नाही.

ती कोईम्बतूरला गेल्यावर डॉक्टरांना दाखवून आली. आज, रविवारी सकाळी, तिचा फोन आला. तिचं काही विशेष नाही म्हणे. दुःखानं होतं, जाईल. पण तुझं सगळं ऐकून त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा माहीत असलेला आजार आहे. झोपताना घ्यायच्या गोळ्या मिळतात त्यावर. बहुतेकांना बरं वाटतं.

गोळ्या, अण्णा.

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेले, हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि मागच्या दारातून अंगणात भिरकावलं. मग कढई. मग परात, इडलीचं भांडं, झारे, तुझं जेवायचं ताट. प्रत्येक भांड्याबरोबर तुला शिवी दिली. अम्मानं ऐकल्या असत्या तर मला झाडूनं मारलं असतं. कडुवन कौलांवर पळाला. शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. कुंपण तू पाडलं होतंस ते अजून उभं केलेलं नाही, तिथून कनकम मामी आल्या. ओले हात पदराला पुसत. मला वाटलं आता बोलतील, रविवारी तरी गप्प बसा. त्यांनी अंगणातल्या भांड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन फळीवरून एक डबा काढून माझ्या हातात दिला.

"हा पण," त्या तमिळमधे म्हणाल्या.

मी फेकला. त्यांनी दुसरा दिला. तो फेकला. असं फळी रिकामी होईपर्यंत. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या पितळेच्या मोठ्या हंड्यावर हात ठेवला. माझ्या एकटीनं तो हलेना. मामींनी पदर खोचला, एका बाजूची कडी धरली, आणि मला म्हणाल्या, "उचल."